पाठकोऱ्या कागदांच्या वकीलबाई

माझी मुलगी यंदा अठरा वर्षांची झाली. इतर बापांना अशा वेळी कॉलेजची काळजी असते, नाहीतर पोरगी गाडीची चावी मागेल याची असते. मला काळजी होती एका पाकिटाची. जालन्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीतल्या एका घरात, हिरव्या लोखंडी कपाटात ते अकरा वर्षं पडून होतं. त्यावर माझ्या मुलीचं नाव होतं, आणि मी एकेकाळी तिच्या आईबद्दल जे लिहिलं होतं ते त्यात असण्याची दाट शक्यता होती. 'दाट शक्यता' हा माझा वकिली शब्द. खरं म्हणजे माझी पाचावर धारण बसली होती.

कपाट वकीलबाईंचं. आमच्या बारमधल्या त्या सगळ्यात जुन्या महिला वकील. अंगाने लहानखुऱ्या, आवाज मात्र असा की साक्षीदाराला हाक मारायला पट्टेवाल्याची गरज पडू नये. पांढरी साडी, काळा कोट आणि डोक्यावर हेल्मेट. हे हेल्मेट स्कूटी लावल्यावरही डोक्यावरच असे. व्हरांड्यातून, पक्षकारांच्या गर्दीतून त्या तशाच चालत जायच्या आणि न्यायाधीशांच्या दारापाशीच ते काढून काखेत मारायच्या. मी वकिलीत नवा होतो तेव्हा आगाऊपणाने विचारलं, "बाई, आता तरी काढा की." त्या म्हणाल्या, "रस्त्यावर काय होत न्हाई बाबा. अपघात सगळे इथंच होऊन राह्यलेत."

त्या फक्त नवरा-बायकोची प्रकरणं घ्यायच्या, आणि तीही स्वतःच्या पद्धतीने. पद्धत अशी, की दोन्ही बाजूंनी आधी त्यांच्या बाहेरच्या खोलीत यायचं. दोन्ही बाजू म्हणजे नवरा, बायको आणि दोघांचे दोन वकील. तिथे एक गोल टेबल होतं. एका मोडलेल्या संसारातल्या सामानाच्या वाटणीत दोघांनाही ते नको होतं, म्हणून बाईंकडे आलं. बसल्यावर आधी एका कागदावर सह्या व्हायच्या. त्यात लिहिलेलं असे: इथे बोलणं फिसकटलं आणि मामला भांडणाचा म्हणून कोर्टात गेला, तर या दोन्ही वकिलांनी तो लढायचा नाही. पक्षकारांनी दुसरे वकील शोधायचे.

या एका कागदापायी अर्धा बार बाईंना वेडी म्हणायचा. भांडण पेटलं की वकिलाचं घर चालतं, आणि ही बाई वकिलालाच घरी पाठवते! मी त्या अर्ध्या बारात होतो. खरं तर आघाडीवर होतो. पुण्याहून एक तरुण वकील कसलीशी कार्यशाळा करून आला आणि म्हणाला, बाई, तुम्ही करता त्याला परदेशात इंग्रजी नाव आहे, तिकडे त्याची पुस्तकं आहेत. बाईंनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "बारसं तरी झालं. मी आपली बिननावाचीच चालवून राह्यले होते."

टेबलावर पाट्यांत भाजी असायची. बहुतेक मेथी, नाहीतर अंबाडी. बाईंची धाकटी बहीण निवृत्त नर्स, त्याच घरात राहायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती चहाच्या आधी प्रत्येकासमोर एकेक जुडी ठेवायची. बोलता बोलता निवडायची. बाईंचं म्हणणं, "हात रिकामे असले की माणूस बोटं दाखवतो." काळा कोट घालून मेथी निवडणारे वकील मी जगात फक्त तिथेच पाहिले. मला ते कधीच नीट जमलं नाही. मी पानं टाकायचो आणि देठं ठेवायचो. मावशी माझ्यासमोरचा ढीग उचलून गुपचूप पुन्हा निवडायची.

पहिल्या दिवशी मी तिथला चहाही नको म्हणालो होतो. "आत्ताच घेतला," असं म्हणालो. आमचं घराणं भोकरदनकडचं, शेतीवाडीचं. काही घरांत गेलं की आत्ताच घेतला म्हणायचं, अशी आमच्याकडे रीत होती. बाईंच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती रीत कुठून आली हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. कायद्याची पदवी घेऊनही जीभ आपोआप तसं बोलली, त्याची आजही लाज वाटते. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "घेतला असशील. पण इथं चहाच्या आधी कुणाची सही होत न्हाई." मी चहा प्यालो. आलं फार होतं. पुढे त्या चहासाठी मी कामं काढून जायला लागलो.

बाईंचा आणखी एक नाद म्हणजे पाठकोरे कागद. नवा कोरा कागद त्या फक्त कोर्टासाठी वापरायच्या. बाकी सगळं जुन्या कागदांच्या मागच्या बाजूला. किराण्याची यादी कुणाच्या तरी कैफियतीमागे, मावशीच्या औषधांच्या वेळा कुणाच्या तरी समन्समागे. "झाड तोडून कागद करायचा आन् त्याच्यावर खोटं लिहायचं," त्या म्हणायच्या. "एक बाजू गेली ती गेली. मागची तरी खऱ्यासाठी ठेवा." मला हा शुद्ध कंजूषपणा वाटायचा.

लोकांचा एक गैरसमज होता की बाई संसार जोडतात. सुनेला समजावून परत पाठवा म्हणून सासवा यायच्या, त्यांना बाई दारातूनच वाटेला लावायच्या. बाईंच्या आई शिवणकाम करायच्या. मोठ्या माणसांचे जुने कपडे उसवून त्यातून पोरांचे शाळेचे कपडे शिवायच्या. बाईंचा पहिला गणवेश तसाच झाला होता. "मी जोडत न्हाई," बाई म्हणायच्या. "मी उसवते. उसवलेलं कापड पुन्हा कामी येतं. तुम्ही लोकं टराटरा फाडता, मंग त्याचं पायपुसणं व्हतं."

एका जोडप्याचं काही ठरेना, तेव्हा बाईंनी त्यांना राजूरच्या गणपतीला पाठवलं. एकाच मोटारसायकलवर. "गणपतीला मी हात जोडत न्हाई," त्यांनी आधीच सांगितलं, "पण तेवढं अंतर बराबर हाय. जाऊन या." नवरा मोटारसायकलवरून एकटा आला, बायको तासाभराने बसने. आम्हाला वाटलं, फसलं. बाई खूष. "झालं की नक्की! आता जल्दी लिहून टाकू."

बाईंशी कामात माझी पहिली गाठ पडली ती शहागडच्या प्रकरणात. माझा पक्षकार हायवेवर पंक्चरचं दुकान चालवायचा. त्याच्या बायकोला मी चौदा परिच्छेदांची नोटीस धाडली होती. परिच्छेद किती यावर वकिलाची मर्दुमकी ठरते अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती, आणि प्रत्येक वेळी चौदा नवे परिच्छेद सुचतील इतकी प्रतिभा मला नव्हती. म्हणून मी जुन्या नोटिशीतले उचलून नव्या नोटिशीत डकवायचो. बाई त्या बायकोच्या वकील होत्या. सह्या झाल्या, चहा झाला, आणि मेथीची पानं खुडत बाईंनी माझी नोटीस मोठ्याने वाचायला घेतली. नवव्या परिच्छेदाशी थांबल्या.

"'तुम्ही सासूबाईंना विहिरीत ढकलून देण्याची वारंवार धमकी दिली.' काय गं, दिली का?"

ती बाई गोंधळली. "सासूबाई तर माझ्या लग्नाच्या आधीच वारल्या, ताई. फोटोला हार मीच घालते."

माझा पक्षकार माझ्याकडे वळला. "साहेब, हे मी कवा सांगितलं?"

"विहीर तरी हाय का तुमच्यात?" बाईंनी त्याला विचारलं.

"न्हाई. बोअर हाय."

मी मान खाली घालून देठं निवडत राहिलो. विहीर आणि सासू दोन्ही माझ्या आधीच्या प्रकरणातल्या होत्या. बाई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिची माफी माग. आन् त्या मेलेल्या माउलीची पण." मी दोघींचीही मागितली. वकिलीच्या आयुष्यात कुणाची माफी मागायची ती माझी पहिली वेळ.

मग बाईंची ठरलेली गोष्ट झाली. आपलं गाऱ्हाणं आपण सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं. नवऱ्याने बायको होऊन बोलायचं, बायकोने नवरा होऊन. पंक्चरवाला आधी हसला, मग घाम पुसत म्हणाला, "मी ताट वाढून बसते. हे ट्रकवाल्याशी बोलत बसत्यात. ताटावर माशा बसून राह्यल्यात." एवढंच. तरीही त्यांचा घटस्फोट झालाच. पण निकालाच्या दिवशी दोघं एकाच जीपने शहागडला गेले, आणि पोरांच्या शाळेचा कागद असला की आजही दोघं मिळून सही करायला येतात.

आता माझं सांगायला हवं. टाळून टाळून इथवर आलो.

माझी बायको सुषमा ही कुंभार पिंपळगाव या गावच्या शाळेत शिक्षिका. आमच्या लग्नात दारू नव्हती, मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती. फक्त मी होतो. भाजीत मीठ कमी आहे हे मी तीन मुद्द्यांत मांडायचो. ती रडायला लागली की म्हणायचो, विषयांतर करू नकोस. एका मे महिन्यात ती सात वर्षांच्या मुलीला घेऊन पिंपळगावला राहायला गेली आणि शांतपणे म्हणाली, आपण वेगळे होऊ. मला वेगळं व्हायचं दुःख झालं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, हरलो. मी मुलीचा ताबा मागायचा अर्ज तयार केला. एकोणीस परिच्छेद. तोपर्यंतचा माझा उच्चांक.

सोमवारी दाखल करणार होतो. शनिवारी सकाळी सहाला बाईंचा फोन आला. "सुषमानं मला वकील केलंय. दहाला ये. कोट घालून येऊ नको. आन् तो अर्ज लिहिला असशील, तो घेऊन ये."

"बाई, तुम्हाला कसं माहीत?"

"तुला मी वळखत न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "तुझा वकील कोन हाय?"

"मीच."

"म्हंजे कुणीच न्हाई. एखाद्याला घेऊन ये."

बारमधल्या एका मित्राला घेऊन गेलो. त्याने दोन तासांत तोंड उघडलं नाही, पण मेथी फार सुरेख निवडली.

सुषमा समोर बसली होती. बाई मला म्हणाल्या, "तू आता सुषमा. बोल."

मी घसा साफ केला. "मी सुषमा. माझं म्हणणं असं आहे की..."

"'म्हणणं असं आहे की' ती म्हणत न्हाई. ती काय म्हणती ते सांग."

आणि मला काहीच आठवेना. नऊ वर्षांचा संसार, पण ती काय म्हणते हे मी कधी ऐकलंच नव्हतं. मी फक्त उत्तर तयार करत असायचो. बाईंनी घाई केली नाही. मावशीने दुसऱ्यांदा चहा आणला. कधीतरी मी म्हणालो, "मी बोलायला लागले की हे म्हणतात, मुद्द्यावर ये." मग पुढचं आपोआप आलं. "माझा मुद्दा नसतो. मला नुसतं सांगायचं असतं. आता मी पोरीलाच सांगते सगळं. ती सात वर्षांची आहे. तिला कशाला सांगायचं?" एवढं बोलून मी समोरची जुडी पुन्हा निवडायला घेतली.

मग सुषमा मी झाली. तिने फार वेळ घेतला नाही. "मी दिवसभर कोर्टात हरतो," ती म्हणाली. "हे कुणाला सांगता येत नाही. घरी तरी जिंकावं वाटतं."

मी त्या वर्षी किती प्रकरणं हरलो होतो हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती, असं दिसलं.

बाईंनी हात पुढे केला. मी अर्ज दिला. त्यांनी तो सुषमाला दाखवला नाही, स्वतःही वाचला नाही. माझ्याच पुढे ठेवला आणि लाल पेन दिला. "एकेक मोठ्यानं वाच. खरं असंल तर म्होरं खरं लिही, नसंल तर नाही लिही. सही कर."

पहिला परिच्छेद लग्नाच्या तारखेचा. खरं. दुसऱ्यात मी लिहिलं होतं की गैरअर्जदार मुलीला वेळेवर जेवू घालत नाही. सुषमा माझ्यासमोर बसून ते ऐकत होती आणि पानं खुडत होती. मी लिहिलं, नाही. तिसरा. नाही. सातव्यात मी तिच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं लिहिलं होतं. तो वाचताना माझी जीभ अडखळली, बाई म्हणाल्या, "पुरा वाच. लिहिताना थांबला न्हाईस." अकराव्याला त्या म्हणाल्या, "अक्षर बिघडून राह्यलंय, नीट लिही." असे सतरा नाही लिहिले. शेवटचा, एकोणिसावा परिच्छेद होता: 'अर्जदाराचे सदर अपत्यावर निरतिशय प्रेम आहे.' त्यापुढे मी खरं लिहिलं. त्या एका शब्दाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बाईंनी ते कागद घेतले. "ऱ्हाऊ दे माझ्याजवळ."

करार त्याच दुपारी झाला. तो लिहायची बाईंची अट एकच: जे लेकराला वाचून दाखवता येत नाही ते लिहायचं नाही. कोर्टात टाइप केलेली प्रत जायची, आणि एक प्रत बाई स्वतःच्या हाताने लिहून लेकराच्या नावाच्या पाकिटात घालायच्या, कपाटात ठेवायच्या. अठरा झाल्यावर लेकराने यायचं आणि घेऊन जायचं. दुसऱ्या कुणालाही मिळत नसे. पुष्कळ जण कधी आलेच नाहीत. तरी बाई पाकिटांना दरवर्षी कडुनिंबाचा पाला घालायच्या.

मी अर्ज परत मागायला पाच-सहा वेळा गेलो. "पाकिटात काय काय घालता, बाई?" असं सहज विचारतोय असं दाखवत विचारायचो. "पोरीला लागंल ते," त्या म्हणायच्या. "तुझा अर्ज कुठं पळून चाललाय? चहा घे." दोन वर्षांपूर्वी बाई गेल्या. त्यांच्या घरी मी रडलो, अगदी खरा रडलो, आणि त्यातही माझा एक डोळा हिरव्या कपाटावर होता. इतका नीच माणूस मी बारमध्येही दुसरा पाहिलेला नाही.

या अकरा वर्षांत दर शनिवारी मी कुंभार पिंपळगावला गेलो. करारात तसं होतं: 'पप्पा शनिवारी येतील. उशीर होणार असेल तर फोन करतील. कारणं सांगणार नाहीत.' मुलगी मोठी होत गेली आणि माझी धास्तीही. शनिवारचा एवढा साठवलेला विश्वास एका दुसऱ्या परिच्छेदाने जाईल, एका सातव्याने जाईल, असं वाटायचं. वाढदिवसानंतर तीच म्हणाली, "पप्पा, आई म्हणली माझं पाकीट हाय. जाऊ या?"

मावशीने किल्ली काढली. मुलीला आत गोल टेबलाशी बसवलं, आणि मला म्हणाली, "तू भाईर बस. आन् रिकामा बसू नको." हातात मेथीची जुडी दिली.

मी ओट्यावर बसलो. आतून कागदांचा आवाज येत होता. करार दीड पानाचा होता हे मला ठाऊक होतं, आणि पानं त्याहून जास्त वेळा उलटत होती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. हातातल्या कागदांवर बाईंचं मोठं, गोल अक्षर दिसत होतं. तिने ते उलटे केले. पाठीमागे माझा टाइप केलेला अर्ज होता, आणि समासात लाल शाई. बाईंनी करार त्याच्याच मागच्या बाजूला लिहिला होता. उरलेल्या पानांच्या पाठी तशाच कोऱ्या सोडल्या होत्या.

"हे लाल अक्षर तुमचंच हाय?" तिने विचारलं.

"हो."

"सतरा येळा नाही लिहिलंय. आईसमोर लिहिलं?"

"तिच्यासमोर. वाचून वाचून."

"मंग आई काय म्हणली?"

"काही नाही. भाजी निवडत होती."

मी बचावाचे मुद्दे शोधत होतो. तिने पुन्हा शेवटचं पान काढलं. "सदर अपत्य म्हंजे मी का?"

"हो. तूच."

तिने कागदांची घडी घातली, परत पाकिटात ठेवले, आणि पाकीट ओढणीखाली छातीशी धरून माझ्याजवळ ओट्यावर बसली. माझ्या हातातली निम्मी जुडी काढून घेतली. "पप्पा, तुम्ही देठं ठेवून राह्यलात," ती म्हणाली. दोघं थोडा वेळ निवडत बसलो.

"निरतिशय म्हंजे किती?" तिने मान वर न करता विचारलं.

"लई," मी म्हणालो, आणि पुढे एकही परिच्छेद सुचला नाही.